‘आहे’ आणि ‘असावे’

यंदा अकरावीच्या सगळ्या प्रकल्पवह्या आम्ही वाचल्या. अक्षर सुरेख, चित्रे सुबक, परिश्रम दिसतात. पण एक गोष्ट खटकली आणि ती एकदोन वह्यांपुरती नाही, म्हणून येथे मांडत आहोत. एका वहीत पहिल्याच पानावर लिहिले आहे की इंदूर हे नाव इंद्रेश्वर मंदिरावरूनच पडले, यात तिळमात्र शंका नाही. त्याच वहीत पुढे विद्यार्थ्याने शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून महिनाभर रोज पाऊस मोजला आहे. आकडे चोख आहेत. आणि निष्कर्ष? दुसऱ्या पंधरवड्यात कदाचित जास्त पाऊस पडला असावा असे वाटते! अहो, तुम्हीच मोजला ना?

ऐकलेले ते ठाम आणि स्वतः पाहिलेले ते भीत भीत, असा हा उलटा प्रकार आहे. ऐकीव माहिती छापील असते, मोबाइलवर ती मोठ्या रुबाबात भेटते. विचारताक्षणी परिच्छेद लिहून देणारी यंत्रेही आता आली आहेत आणि त्यांचाही स्वर असाच ठाम. परीक्षेच्या सवयीचाही यात वाटा आहे. उत्तरात ‘बहुधा’ आले की मुलाचा धडा पाठ नाही, असा समज होतो.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदीतून झाले, त्यामुळे मराठीची एक सोय आम्हाला विशेष जाणवते. हिंदीत ‘होगा’ म्हणून बरेचसे भागते. मराठीत ‘असेल’ म्हणजे अंदाज. ‘असावा’ म्हणजे हाती काही खूण आहे आणि तिच्यावरून तर्क केला आहे. ‘असू शकेल’ म्हणजे तसे व्हायला अडचण दिसत नाही, इतकेच. आणि ‘आहे’ म्हणजे आहे. दाराशी अनोळखी चपला दिसल्या की आजी ‘पाहुणे आलेत’ म्हणत नाही, ‘आलेले दिसतात’ म्हणते. अक्षरांच्या वळणावरून शिलालेख बाराव्या शतकातला असावा असे संशोधक लिहितो, तेव्हा तो भित्रा नसतो. आपल्या पुराव्याचे वजन किती, हे तो सांगत असतो. घरात इतके सहज येणारे हे व्याकरण वहीत मात्र हरवते.

शिवजयंतीचेच पाहा. महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ साली झाला, असे जुन्या पुस्तकांत छापलेले असे. पुढे जेधे शकावली उजेडात आली आणि तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी निघाली. एका कागदाने वाद मिटत नाही. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी मिळाल्यावर ही बाजू बळकट झाली. महाराष्ट्र शासनाने ही तारीख मान्य केली ती २००१ मध्ये. तेव्हा आज एखाद्या मुलाने १६३० लिहिले तर त्यामागे ‘कदाचित’ लावण्याचे कारण नाही. मात्र कशावरून, हे त्याला सांगता आले पाहिजे.

विज्ञानाच्या मुलांना वाटते की ही सावधगिरी इतिहासवाल्यांची. बारावीत डीएनएचा धडा आहे. वॉटसन आणि क्रिक यांचा तो प्रसिद्ध लेख एप्रिल १९५३ मध्ये ‘नेचर’मध्ये आला, जेमतेम पानभराचा. वॉटसन तेव्हा २५ वर्षांचे. पॉलिंग आणि कोरी यांनी त्याआधी तीन साखळ्यांची रचना सुचवली होती, आणि पॉलिंग म्हणजे केवढे मोठे नाव! ती रचना समाधानकारक नाही, हे या दोघांनी सरळ लिहिले व कारणे दिली. पण स्वतःची दोन साखळ्यांची रचनाही अधिक नेमक्या मोजमापांशी ताडून पाहीपर्यंत सिद्ध मानू नये, असेही त्याच लेखात नमूद केले. आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होते, हा तर त्याहून मोठा प्रश्न. बेसच्या जोड्यांवरून एक शक्य मार्ग सुचतो, तो आपल्या नजरेतून सुटलेला नाही, इतकेच एका वाक्यात म्हणून ते थांबले. त्या मार्गाला मेसेल्सन आणि स्टाल यांच्या प्रयोगाने भक्कम आधार दिला तो १९५८ मध्ये. दुसऱ्याचे खोडताना ठाम आणि आपले मांडताना सावध. आपल्याकडे सभांतून नेमके याच्या उलट ऐकू येते, असो.

याचा अर्थ प्रत्येक वाक्यावर ‘कदाचित’ शिंपडावे असा नाही. ‘कदाचित’, ‘असावे’ आणि ‘असे वाटते’ ही तिन्ही एकाच वाक्यात आली तर ती नम्रता नव्हे, पळवाट आहे. तसेच ‘निःसंशय’ लिहून पुरावा वाढत नाही. ‘यात शंका नाही’ असे जिथे लिहिलेले असते, तिथेच बहुधा शंका घ्यायला जागा असते, असा आमचा अनुभव आहे.

पुढच्या सत्रापासून प्रकल्पवहीच्या समासात शिक्षक ‘कशावरून?’ असे लिहून वही परत देतील. उत्तर ‘मी मोजले’ असेल तर वाक्य ठाम करावे. ‘पुस्तकात आहे’ असेल तर पुस्तकाचे नाव द्यावे. ‘सगळे म्हणतात’ असेल तर लोक असे सांगतात, हेच लिहावे. जागेवर आलेल्या ‘असावे’साठी गुण कापले जाणार नाहीत. पालकांना एकच विनंती: वही घरी आली की मुलाला उत्तर सांगू नये, समासातला तोच प्रश्न आपणही त्याला विचारावा.