उन्हाच्या वाफेवर सुगंधी तेल

मैत्रिणींनो, आपलं वर्ध्याचं ऊन पापड-कुरडया वाळवायला चांगलंच. पण त्यावर गवती चहाचं तेलही काढता येतं, बरं का!

पाल्यातून वाफ सोडली की ती तेल सोबत घेऊन निघते. गार पाण्यातल्या नळीतून नेली की तिचं पाणी होतं आणि तेल वर तरंगतं. खरा खर्च जळणाचा. तिथे ऊन कामी येतं. वोल्फगांग शेफलर यांच्या पद्धतीची आरशांची मोठी तबकडी सूर्याबरोबर फिरत ऊन एका जागी एकवटते. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली अशा ७३ तबकड्यांच्या वाफेवर स्वयंपाक सुरू झाला. जर्मनीत अशाच तबकडीवर वनौषधींची तेलं काढली गेली.

आता हिशेब. शंभर किलो ओल्या गवती चहातून तेल निघतं पाव ते अर्धा किलो! तेव्हा अंगणातल्या दोन गड्ड्यांवर हा उद्योग चालायचा नाही. बचत गटातल्या दहाजणींनी धुऱ्यावर लागवड केली, तर गोष्ट वेगळी. पण पैसे गुंतवण्याआधी दोन प्रश्न विचाराच: ढगाळ दिवसांत काय करायचं? आणि तेल घेणार कोण? मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. तिथे चौकशी करावी.

घरच्या कुकरला नळी जोडून प्रयोग मात्र नको. नळी तुंबली तर घात होईल. निव्वळ तेल पोटातही घेऊ नये, लेकरांच्या हाती लागू देऊ नये. गवती चहा कपातच बरा!