टोपणनावाचा आडोसा

१९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झालं आणि एकच गहजब उडाला. कोण ही विभावरी शिरूरकर? लोकांना तिच्या लिखाणापेक्षा तिचं खरं नाव हवं होतं. पुढे कळलं, त्या मालतीबाई बेडेकर. टोपणनावाचा आडोसा नसता, तर शिकलेल्या मुलींच्या मनातली ती घुसमट कागदावर उतरली असती का?

मैत्रिणींनो, हे आठवायचं कारण विकिपीडिया. मुलांच्या प्रकल्पासाठी आपण तो हमखास उघडतो. तो कुणी पगारी पंडित लिहीत नाहीत. तुमच्या-आमच्यासारखी माणसं फावल्या वेळात, फुकट आणि पुष्कळदा टोपणनावानं लिहितात. मराठी विकिपीडिया २००३ पासून असाच वाढला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावरच्या छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या मजकुरावरून संताप उसळला. महाराष्ट्र सायबर विभागानं मजकूर काढायला सांगितलं, पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. वढू-तुळापूर तर आपल्या पुणे जिल्ह्यातच. राजांबद्दल वेडंवाकडं लिहिलेलं कुणाला खपेल? पण तिथे चूक सुधारायचा रस्ता असतो: पुरावा द्या, चर्चा करा, बदला. पोलीस दारात येतील म्हटल्यावर पुरावा घेऊन तरी कोण पुढे येईल?

मग कायदा नकोच का? हवा, नक्की हवा! कुणाचेही फोटो बिघडवून फिरवणाऱ्यांना धाक हवाच. २०२१ च्या नियमांनी असे अश्लील फोटो तक्रारीनंतर २४ तासांत हटवण्याचं बंधन घातलं, ते बरंच झालं. पण त्याच आयटी कायद्याचं ६६-अ कलम २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींवर लावलं गेलं. अपराध काय? एकीनं मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं ते ‘लाइक’ केलं. सर्वोच्च न्यायालयानं ते कलम २०१५ मध्ये रद्द केलं.

तिकडे ब्रिटनमध्येही २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यामुळे संपादकांची ओळख तपासावी लागेल, या भीतीनं विकिपीडियाची संस्था कोर्टात गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची याचिका फेटाळली गेली.

नाव उघड करायची सक्ती झाली, तर आधी कोण गप्प बसेल? लहान गावातली, सासरी राहणारी, रात्री सगळं आवरून चार ओळी लिहिणारी बाई. छळणाऱ्याचा बुरखा जरूर फाडावा. पण लिहिणारीचा आडोसा काढून घेऊ नये. दोघांना एकाच काठीनं हाकणाऱ्या कायद्यानं सुरक्षित कोण होणार?