सांतियागो हरला होता

हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' (१९५२) शिकवताना 'प्रयत्नांती परमेश्वर' म्हणून मोकळे होणे आता पुरे, असे आम्हांस वाटते. पु. ल. देशपांडे यांनी अनुवादाला 'एका कोळियाने' हे श्लेषपूर्ण नाव दिले. आम्ही शिक्षकांनी त्यातला श्लेष गमावला. शालेय कवितेतला कोळी पडत-धडपडत अखेर यशस्वी होतो. चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हाताने परतलेला सांतियागो मात्र महामत्स्य जिंकूनही सांगाडाच आणतो.

विनाश आणि पराभव यांत भेद करणारे ते सुप्रसिद्ध वाक्य पहिल्या शार्कला मारल्यानंतरचे आहे. पुढची पाने कोणी वाचायची? किनाऱ्यावर तो मानोलिनला आपण हरल्याचे स्वच्छ सांगतो. माशाने तर हरवले नाही ना, असे मुलगा म्हणतो; म्हातारा ते मानतो, पण हार नंतरची होती, हेही सांगतो. आपण फार दूर गेलो, ही कबुली त्याने समुद्रावरच दिलेली असते. ज्या चिकाटीने मासा दिला, तिनेच तो गमावला.

ही कबुली गाळली की उरते ते सुभाषित. नापास झालेल्या विद्यार्थ्याला सुभाषित गप्प करते. ही कृती त्याला 'हरलो' म्हणू देते, आणि ते ऐकणारा मानोलिनही देते. वर्गात आम्ही मानोलिन व्हायचे, की सुविचाराचा फळा?