स्प्रिंग मोडते, ठपका फिटरवर का?



दिल्लीहून सुटलेली गाडी मुंबईला पोहोचेपर्यंत सुमारे १,४०० किलोमीटर धावते. या धावेत रुळांचा प्रत्येक हादरा डब्याखालच्या स्प्रिंगा सोसतात. पहिला संच ॲक्सल बॉक्स आणि बोगीच्या चौकटीमध्ये असतो, दुसरा चौकट आणि डब्यामध्ये. यातली एक जरी मोडली तरी गाडी रखडते आणि पहिला जाब सी अँड डब्ल्यूच्या फिटरला विचारला जातो. ही रीत आम्हाला मान्य नाही.

स्प्रिंग एका दिवसात मोडत नाही. गंजाच्या खळग्यातून किंवा ओरखड्यातून बारीक चीर पडते, हादऱ्यागणिक वाढते आणि जादा भाराखाली पोलाद तुटते. जनरल डब्यात क्षमतेबाहेर होणारी गर्दी फिटरने चढवलेली नसते. एसएलआरमध्ये पार्सले आणि टपालाच्या थैल्या एकाच बाजूला रचल्या, तर त्याच बाजूच्या स्प्रिंगा दबतात. म्हणून हा प्रश्न टपाल बांधवांचाही आहे.

पेरंबूरच्या कारखान्यात जुन्या आयसीएफ पद्धतीच्या डब्यांचे उत्पादन २०१८ साली थांबले आणि एलएचबी डब्यांचे युग आले. अनेक डब्यांत वरच्या संचाच्या जागी एअर स्प्रिंग आली. भार वाढला तरी ती डब्याची उंची राखते. मात्र तिचा रबरी फुगा फाटला किंवा हवा गळली, तर गाडीचा वेग कमी करावा लागतो. म्हणजे तपासणीचे काम संपलेले नाही, त्याचे स्वरूप बदलले आहे.

गाडी फलाटावर शिरताना रोलिंग-इन तपासणी करणाऱ्या कामगाराला एकेका डब्यासाठी काही क्षणच मिळतात. रात्री, पावसात, हातातल्या बॅटरीच्या उजेडात तो मोडकी स्प्रिंग हेरतो. तो पाहतो म्हणून हजारो प्रवासी सुखरूप पोहोचतात.

आमच्या मागण्या सरळ आहेत. पिट लाइनवर ठरलेला पूर्ण वेळ द्या. रिक्त जागा भरा. सुट्या भागांचा साठा डेपोतच ठेवा. डबा ‘सिक’ ठरवणाऱ्या कर्मचाऱ्यावर गाडी वेळेवर सोडण्यासाठी दबाव आणू नका. आणि स्प्रिंग मोडली तर चौकशी आधी भाराची, साठ्याची आणि दिलेल्या वेळेची करा.

सभासदांनी आढळलेला प्रत्येक दोष वेळेसह रजिस्टरात लिहावा. तोंडी सांगितलेले चौकशीत टिकत नाही. लेखी नोंद हीच आपली ढाल आहे.