सुट्टीतली तालीम

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या घरात दरवर्षी एकच बेत असतो. पौडहून निघायचं, ताम्हिणी घाट उतरायचा, माणगाव, म्हसळा करत श्रीवर्धनच्या बाजूला मुलांच्या नानीकडे पोहोचायचं आणि पंधरा दिवस तिथंच राहायचं. आंबे, फणस, तांदळाची भाकरी, ताजी मासळी आणि समुद्र. गेल्या वर्षी बॅगा भरून दारात ठेवल्या आणि मुलगी म्हणाली, "अम्मी, जूनच्या पहिल्या आठवड्यात माझी बेल्टची परीक्षा आहे. पंधरा दिवस मी प्रॅक्टिस कुठं करू?" तिच्या मागून धाकट्यानंही विचारलं, "आणि माझी तालीम?"

मुलगी नववीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. तीन वर्षं कराटे शिकते आहे. मुलगा सहावीतून सातवीत जाणारा. तो पहाटे तालमीत जातो. मुळशी तालुक्यात राहायचं आणि मुलगा तालमीत जाणार नाही, असं सहसा होत नाही. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी करणारे मामासाहेब मोहोळ याच तालुक्यातल्या मुठा गावचे. १९६१ पासून सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेची गदा आजही त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. आमच्या धाकट्यानं महाराष्ट्र केसरींची यादी तोंडपाठ केली आहे. त्या यादीत सोलापूरजवळच्या बोरामणीचे तीन शेख बंधू आहेत. इस्माईल शेख १९८० चे, आप्पालाल शेख १९९२ चे आणि मुन्नालाल शेख २००२ चे महाराष्ट्र केसरी. एका घरात तीन गदा! ही नावं म्हणताना त्याचा आवाज चढतो, हे आम्ही पाहिलं आहे.

तर अशा दोन मुलांना घेऊन आम्ही कोकणात उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी शोध सुरू केला. फोनवर एक जिम सापडली. गेलो. दुकानावरची एकच खोली, खिडकी बंद, भिंतीला आरसे. चार तरुण पोरं वजनं उचलत होती आणि त्यांना कसं उचलायचं हे सांगणारं कुणीही नव्हतं. पंधरा दिवसांसाठी आलो आहोत म्हटल्यावर उत्तर मिळालं, "फी महिन्याचीच घेतो." मुलींसाठी वेगळी वेळ आहे का, असं विचारलं. "अजून तशी कुणी विचारली नाही," असं उत्तर आलं. आम्ही शुक्रिया म्हणून परत आलो. बारा वर्षांच्या मुलाला वजनं उचलायला अशा ठिकाणी सोडणं आम्हाला पटलं नाही. कराटेचा वर्ग तालुक्याच्या गावी होता, पण मे महिन्यात तोही बंद. मातीची तालीम जवळपास नव्हती.

धाकट्यानं मग स्वतःच मार्ग काढला. मामूच्या दोन मुलांना घेऊन तो संध्याकाळी समुद्रावर गेला आणि वाळूत कुस्ती सुरू केली. तिसऱ्या दिवशी मनगट सुजवून घरी आला. मामूच्या मुलाला कुस्ती येत नव्हती. ढाक मारल्यावर कसं पडायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तो पडला तो थेट आमच्या मुलाच्या हातावर. हाड वाचलं, अल्हम्दुलिल्लाह, पण आठ दिवस हात बांधून ठेवावा लागला. चूक मुलांची कमी आणि आमची जास्त होती. वाळू मऊ आहे, काय लागणार, असा विचार करून आम्ही घाटावर चहा पीत बसलो होतो. तालमीतली माती खणून भुसभुशीत करतात, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालतात. पण मुलगा सुरक्षित असतो तो केवळ मातीमुळे नाही. हौद्याच्या कडेला वस्ताद उभे असतात, त्यांच्यामुळे असतो.

मुलीची अडचण निराळी होती. तिनं पहिल्या सकाळी अंगणात काता सुरू केला. काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं, एकट्यानं करायचे हात, पाय आणि पवित्रे. समोर जोडीदार लागत नाही. कराटेचा उगम ओकिनावा बेटावरचा. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला आंको इतोसू यांनी तिथल्या शाळेतल्या मुलांसाठी पाच सोपे काता बसवले. आज हेइआन या नावानं जगभरची मुलं ते शिकतात. एका माणसाला दहा-बारा पावलांची जागा पुरते, म्हणूनच ते सुट्टीत चालण्यासारखे. पण नानीचं अंगण रस्त्याला लागून आहे. येणारेजाणारे थांबून पाहू लागले. नानी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बेटी, हे आत कर. लोक काय म्हणतील?"

मुलगी थांबली. काही बोलली नाही, पण दिवसभर तिनं जेवणही नीट केलं नाही. रात्री आम्हाला विचारलं, "मी काही वाईट करते आहे का?" आम्ही म्हणालो, "नाही." एवढंच म्हणालो. नानींच्या घरात नानींना उलट उत्तर देणं आमच्याच्यानं झालं नाही. आणि मुलीला सांगायला हवं होतं ते आम्ही निम्मंच सांगितलं. निखत झरीन या निजामाबादच्या मुलीनं २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षं बॉक्सिंगचं विश्वविजेतेपद मिळवलं, हे तिला ठाऊक होतं. सांगलीत २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली, हेही ठाऊक होतं. पण निखत आणि प्रतीक्षा दूर आहेत, नानी समोर आहेत. मुलीला आपल्या घरातल्या माणसाचा शब्द हवा असतो.

तो शब्द आला नानींच्या थोरल्या भावाकडून. त्यांना सगळे बडे मामू म्हणतात. वय ऐंशीच्या घरात. उमेदीची सगळी वर्षं जहाजावर काढली. कोकणच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी मुस्लिम घरांची चूल अशी जहाजांवर चालली, हे वाचकांना सांगायला नको. बडे मामू अजूनही फजरनंतर वीस जोर आणि चाळीस बैठका काढतात. धाकट्याचा बांधलेला हात पाहून त्यांनी चौकशी केली आणि मग हसून म्हणाले, "आमच्या जहाजावर जिम कुठली? बंकासमोर दोन हात रुंद जागा. दिवसभर इंजिनाचा उकाडा. महिने महिने किनारा नाही. पण ज्यानं हातपाय हलवणं सोडलं, तो घरी परतला तो दुखणं घेऊनच."

त्यांनी मुलांना जे सांगितलं, ते आम्ही वहीत उतरून घेतलं. पहिलं म्हणजे वेळ बांधून घ्या. जागा बदलली तरी वेळ बदलू नका. दुसरं, नव्या हवेत पहिले चार दिवस निम्माच व्यायाम करा. हे आम्ही पुढे पडताळून पाहिलं, ते खरं आहे. पौडला मे महिन्यात ऊन कडक असलं तरी हवा कोरडी. किनाऱ्यावर घाम येतो, पण हवा दमट असल्यामुळे सुकत नाही. अंग थंड होत नाही. अशा हवेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून फजरनंतर सात वाजेपर्यंत किंवा असरनंतर मगरिबपर्यंत, एवढीच वेळ व्यायामाची. पाणी तहान लागण्याआधी प्यायचं. चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी जाणवली की लगेच सावलीत बसायचं.

तिसरं वाळूचं. कोरड्या मऊ वाळूत धावायला टणक जमिनीच्या सुमारे दीडपट ताकद लागते आणि पोटऱ्या व टाचेची शीर लवकर दुखावते. ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू उघडी पडते, तिथं धावायचं, आणि तेही पौडच्या अंतराच्या निम्मं. समुद्रात उतरायचं तर जाणत्या माणसाबरोबर. एकट्यानं पोहून ताकद दाखवायची ही जागा नाही.

चौथं त्यांनी धाकट्याला सांगितलं, "वस्ताद नाही तिथं डाव नाही." कुस्ती, कराटे, ज्युदो, काहीही असो, समोरासमोरचा सराव शिकवणाऱ्याच्या नजरेखालीच करायचा. एकट्यानं करायचं ते करा. जोर, बैठका, धावणं, काता. आणि परगावी एखादी तालीम किंवा वर्ग सापडलाच, तर आधी जाऊन वस्तादांना सलाम-नमस्कार करा. चपला बाहेर काढा. पहिल्या दिवशी फक्त पाहा. आपल्या गावी असं नाही शिकवत, हे वाक्य तोंडातून काढू नका. आईवडिलांनीही पाहून घ्यावं की लहान मुलांवर कुणाचं लक्ष आहे का आणि दार उघडं असतं का.

मग ते मुलीकडे वळले. "तू काय करत होतीस अंगणात? मला दाखव." तिनं नानीकडे पाहिलं. नानी गप्प राहिल्या. मुलगी म्हणाली, "मागच्या वाडीत दाखवते." सुपारीच्या झाडांमध्ये तिनं काता केला. बडे मामूंनी शेवटपर्यंत पाहिला आणि बहिणीला म्हणाले, "आपा, हिला रोज इथं करू दे. मी बसतो." नानी त्या दिवशी आत निघून गेल्या. रोज सकाळी बडे मामू काठी घेऊन येत, दगडावर बसत. आठव्या-नवव्या दिवशी नानी कोकम सरबताचा तांब्या घेऊन आल्या आणि भावाशेजारी बसल्या. थोड्या वेळानं विचारलं, "हा हात असा कमरेशी का ओढतेस?" मुलीनं सांगितलं. नानींनी बसल्या जागी तसा हात ओढून पाहिला.

गोष्ट इथं गोड शेवटावर थांबवता आली असती, पण खरं तेच सांगायला हवं. जूनमध्ये मुलीची परीक्षा झाली आणि तिला बेल्ट मिळाला नाही. हेइआन काता जिथं सुरू होतो तिथंच संपला पाहिजे. वाडीत समोर सुपारीचं झाड यायचं, म्हणून ती पुढं जाताना पावलं आखूड टाकत असे आणि परत येताना पूर्ण. पंधरा दिवसांत पायांना तीच सवय लागली. परीक्षेत ती सुरुवातीच्या खुणेच्या एक पाऊल मागे येऊन संपली. बडे मामूंना ते कळणं शक्य नव्हतं, आम्हालाही कळलं नाही. तिच्या सरांनी नंतर म्हटलं, "दोन-तीन दिवसांनी एक व्हिडिओ पाठवला असता, तर मी तिथंच सांगितलं असतं." किती साधी गोष्ट! आम्ही रोज समुद्राचे फोटो सगळ्यांना पाठवत होतो, हे एक पाठवायचं सुचलं नाही. ऑगस्टमध्ये तिनं पुन्हा परीक्षा दिली आणि बेल्ट मिळवला. पहिला फोन नानींना केला.

काहीजण विचारतील, पंधरा दिवस विश्रांती घेतली तर काय बिघडतं? ताकदीच्या बाबतीत फारसं काही बिघडत नाही. दोन आठवड्यांत स्नायूंचं बळ टिकून राहतं. दम मात्र तेवढ्यात उतरू लागतो. ज्या मुलांच्या समोर परीक्षा किंवा स्पर्धा नाही, त्यांनी खुशाल आठवडाभर झाडावर चढावं, पोहावं, सायकल चालवावी. तोही व्यायामच. पण मुलाला स्वतःला सराव हवा असेल, तर सुट्टी आहे म्हणून आपण तो हसण्यावारी नेऊ नये.

आमचा पेशा उर्दू आणि मराठी शिकवण्याचा. वर्गात आम्ही मुलांना सांगतो की वस्ताद म्हणजे आपला उस्ताद. कुस्ती, पहिलवान आणि जोर हे शब्द फारसीतून आले. आणि तालीम हा तर अरबी शब्द, इल्मच्या घरातला. उर्दूत आपण शाळेच्या शिक्षणाला तालीम म्हणतो, मराठीत आखाड्याला. आजवर ही गंमत म्हणून सांगत होतो. गेल्या सुट्टीनंतर आम्ही तिच्यात भर घातली आहे. शाळा असो की आखाडा, शिकणाऱ्यावर कुणाची तरी नजर असते तेव्हाच त्याला तालीम म्हणायचं.

या मे महिन्यात पुन्हा श्रीवर्धनला जायचं आहे, इन्शाअल्लाह. बडे मामूंचा निरोप आला आहे की वाडीतली एक ओळ साफ करून घेतली आहे, पुढं जायला पूर्ण बारा पावलं मिळतील. मुलीनं यादी लिहून कपाटाला चिकटवली आहे. तिच्यात दर तीन दिवसांनी सरांना व्हिडिओ पाठवायचा, असं लिहिलं आहे, आणि शेवटच्या ओळीत, नानीला पहिला पवित्रा शिकवायचा.