योगशिक्षकाच्या एका तासाचे मोल

गावात योगवर्ग सुरू करावा असे ठरले, की जागा, सतरंज्या आणि उद्घाटनाचे पाहुणे यांवर तासभर चर्चा होते. शिकविणाऱ्याला काय द्यायचे, हा प्रश्न अगदी शेवटी निघतो आणि 'ते पाहू पुढे' म्हणून बाजूला पडतो. माझ्या मते हीच गोष्ट सर्वांत आधी ठरली पाहिजे, आणि माझे कारण वैद्यकीय आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी जवळपास ३५ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. आमच्या गिरडसारखी गावेही यातून सुटलेली नाहीत. औषधाच्या जोडीला आठवड्यातून किमान १५० मिनिटे व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. व्यायामाने शरीरातील इन्सुलिनचे काम सुधारते, पण तो लाभ एक ते तीन दिवसच टिकतो. म्हणून व्यायामात खंड नको. वर्ग चार महिने चालून बंद पडला, तर रोग्याची साखर पुन्हा जागच्या जागी येते. आणि वर्ग बंद पडण्याचे नेहमीचे कारण एकच : शिकविणाऱ्याला परवडत नाही.

सरकारी दराचेच उदाहरण घेऊ. आयुष विभागाच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी (२०२३ पासून यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात) केंद्र सरकारने नमुना घालून दिला तो असा : तासाभराच्या सत्राला २५० रुपये. पुरुष शिक्षकाला महिन्याला ३२ सत्रे, म्हणजे ८,००० रुपये. महिला शिक्षिकेला २० सत्रे, म्हणजे ५,००० रुपये. तासाला २५० हा आकडा ऐकायला बरा वाटतो. परंतु ती बाई १५ किलोमीटरवरच्या गावाहून स्कूटीने येत असेल, तर जाण्यायेण्यात पेट्रोलचे सुमारे ७० रुपये गेले. येणे, जाणे, सतरंज्या घालणे, हजेरी लिहिणे धरून तासाचे अडीच तास झाले. हाती राहिले १८० रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये होता. २५ दिवसांचे ७,४२५ होतात. शिकल्यासवरल्या शिक्षिकेचे महिन्याचे ५,००० त्याहून कमी भरतात. याला आपण 'मानधन' म्हणतो. त्यात मान आहे, धन नाही.

स्त्रियांची सत्रे कमी ठेवणे तर मला मुळीच पटत नाही. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार आपल्या देशात सुमारे ५७ टक्के स्त्रियांना पुरेसा व्यायाम घडत नाही. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे. आमच्या भागातील लेकीसुना बाई शिकवायला असेल तरच मोकळेपणाने वर्गाला येतात. म्हणजे जिथे गरज अधिक, तिथेच काम आणि पैसा कमी.

काही मंडळी म्हणतील, 'डॉक्टरसाहेब, योग ही सेवा आहे, तिचे पैसे कसले?' नागपूरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने विनामूल्य वर्ग चालवून विदर्भात योग घरोघरी नेला, हे खरेच आहे. अशा सेवेपुढे माझे हात जोडलेले आहेत. पण ज्याची चूल पगारावर किंवा पेन्शनीवर पेटते, त्यालाच अशी सेवा वर्षानुवर्षे झेपते. ज्या मुलीने पदविका घेतली, योग प्रमाणन मंडळाची परीक्षा दिली, तिला फुकट शिकवायला सांगणे म्हणजे आपल्या सेवेचा खर्च तिच्या माथी मारणे होय.

दर ठरविताना तीन पथ्ये पाळावीत.

पहिले, डोक्यामागे पैसे देऊ नयेत. तसे केले की गर्दी जमविण्याकडे कल जातो आणि कोणाला काय झेपेल याची विचारपूस मागे पडते. वाढलेला रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्याने डोके खाली करण्याची आसने टाळावीत. इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी घाम गाळू नये. हे विचारायला शिक्षकाला सवड हवी.

दुसरे, काही रक्कम महिन्याला ठरलेली असावी. सोयाबीन काढणीला आणि कापूस वेचणीला वर्ग रिकामा पडतो. तो दोष शिक्षकाचा नव्हे, मग पैसे त्याचेच का कापावेत?

तिसरे, प्रवासखर्च वेगळा द्यावा आणि स्त्री-पुरुषांना काम व दर सारखेच असावेत.

आता हिशेब मांडू. सत्राला २५० आणि प्रवासाचे ७०, असे महिन्याच्या २४ सत्रांचे ७,६८० रुपये होतात. ३० जणांनी दरमहा १५० रुपये दिले तर ४,५०० जमतात. दिवसाला हे पाच रुपये पडतात, टपरीवरच्या चहाहून कमी. उरलेले ३,१८० ग्रामपंचायतीने द्यावेत. ज्यांना १५० देणे जमत नाही, त्यांची नावे पुकारू नयेत. त्यांचा भार इतरांनी आणि पंचायतीने मिळून उचलावा.

वाचकहो, २१ जूनला योगदिन साजरा होतो, छायाचित्रे निघतात, ते ठीकच आहे. परंतु साखर आणि रक्तदाब २२ जूनलाही असतात. येत्या ग्रामसभेत आपल्या गावच्या योगशिक्षकाचा दर हा विषय कोणीतरी मांडावा, आणि तो ठरावात आकड्यासह लिहून घ्यावा.