दप्तर कोणाचें आणि डोळा कोणाचा?

आमच्या गांवच्या एका सुतारानें तीन वर्षांपूर्वीं कर्ज काढून छोटा टेंपो घेतला. दारें-खिडक्या करून तो तालुक्याच्या बाजारीं पोंचवितो. यंदा विमा नवा करावयास गेला, तेव्हां त्यास कळलें कीं आपल्या नांवावर वेगमर्यादा मोडल्याचे तीन दंड पडून आहेत; रक्कम सहा हजार रुपये. मोबाइलवर संदेश धाडले होते म्हणे, पण ते जुन्या नंबरावर आणि तेहि इंग्रजींत. बिचारा कागद घेऊन माझ्याकडे आला. मीं फोटो पाहिले. दोन फोटो त्याच्याच टेंपोचे. तिसऱ्यांतली गाडी पांढरी, याची निळी!

सुतार म्हणाला, “गुरुजी, दोन वेळां चुकलों असेन तर भरतों. पण तिसरा दंड कुणाचा? मला कुणी पाहिलं, कुठून पाहिलं, अन् ह्याचा जाब म्यां कुणाला विचारायचा?” ट्रेनिंग कॉलेजांत मला पुष्कळ शिकविलें, पण या प्रश्नाचें उत्तर शिकविलें नाहीं. शेवटीं मजुरी बुडवून हेलपाटे घालण्यापेक्षां त्यानें सहाच्या सहा हजार भरून टाकले.

हा लेख भरधांव गाडी हांकणारांच्या वकिलीसाठीं नाहीं, हें आधींच सांगतों. २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं शेंकडा ७१ मृत्यू अतिवेगाच्या अपघातांतले. मेलेल्यांत शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचे आणि शेंकडा १९ हून अधिक पायीं चालणारे. म्हणजे मरतो तो बाजाराहून परतणारा कुणबी, कारखान्याची पाळी संपवून येणारा मजूर, दूध घालावयास निघालेला पोरगा. वेगावर लगाम हवाच, आणि तो यंत्रानें घातला तरी आमची हरकत नाहीं. नाक्यावर हात पुढें करणाऱ्या शिपायापेक्षां यंत्र बरें. तें चिरीमिरी तरी मागत नाहीं.

आमची तक्रार आहे ती दप्तराविषयीं.

आमच्या आज्या-पणज्यांस कुळकर्ण्याचें दप्तर चांगलें ठाऊक होतें. शेत कुणब्याचें, घाम कुणब्याचा, पण नोंद मोडी लिपींत कुळकर्ण्याच्या घरीं. सारा किती, बाकी किती, हें त्याच्या तोंडून ऐकावें आणि मुकाट्यानें अंगठा उठवावा. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून ही कारकुनी लूट चव्हाट्यावर मांडली. छत्रपति शाहू महाराजांनीं १९१८ सालीं करवीर राज्यांत कुळकर्णी वतनें काढून पगारी तलाठी नेमले. महाराजांनीं दप्तर जाळलें नाहीं. राज्य चालवावयाचें तर दप्तर लागतेंच. तें कोणाच्या हातीं असावें आणि ज्याची नोंद त्यांत आहे त्यास तें वाचतां यावें कीं नाहीं, हा आपल्या चळवळीचा सवाल होता. तोच सवाल आज पुन्हां उभा राहिला आहे. आतां वतनदाराची जात विचारण्यांत अर्थ नाहीं. दप्तर संगणकांत गेलें आणि त्याची किल्ली कोणत्या कचेरींत, कोणत्या ठेकेदाराकडे, हें तुम्हांआम्हांस दिसत नाहीं.

दुसरा दाखला याहून कडू आहे. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढें तो मुंबई इलाख्यासहि लावला. पारधी, कैकाडी अशा जातींच्या माणसांनीं पोलिसांपुढें हजेरी द्यावी, परवानगीवांचून ठिकाण सोडूं नये, असा हुकूम. सोलापुरास त्यांच्यासाठीं तारेच्या कुंपणाची वसाहत होती. त्यांचा अपराध कोणता? जन्म! तो कायदा १९५२ च्या ३१ ऑगस्टला रद्द झाला. पण गांवांत चोरी झाली कीं पहिला संशय अजून पालावरच जातो. एकदां नांव दप्तरांत चढलें, कीं तें किती पिढ्या उतरत नाहीं, हें या बांधवांस विचारा.

कोणी म्हणेल, मास्तर, कुठें ती हजेरी आणि कुठें हा कॅमेरा! फरक आहे, तो आम्ही नाकारीत नाहीं. पण कॅमेऱ्याचें काम कसें चालतें तें नीट समजून घ्या. तो पाटीवरचा नंबर वाचतो. दोन ठिकाणच्या वेळा घेऊन मधला सरासरी वेग काढावयाचा, तर चुकणाऱ्याचीच नव्हे, समोरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ टिपावी लागते. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर २०२४ सालापासून कॅमेऱ्यांची मोठी योजना चालूं झाली. ज्याचा वेग बरोबर निघाला त्याची नोंद पुसली जाते कीं राहते? राहिल्यास किती दिवस, आणि कोण पाहतो? कोणती गाडी कोणत्या दिवशीं कोठें होती, एवढ्यावरून माणसाचा सारा संसार वाचतां येतो: कोण कोणत्या दवाखान्यांत गेला, कोण मुलीची सोयरीक जुळवावयास गेला, कोण सावकाराच्या दारीं उभा राहिला आणि कोण संघटनेच्या सभेस गेला.

“सरकार आपलेंच आहे, तें कशाला वाईट वापर करील?” असें म्हणणारांनीं पुढचें वाचावें. २०१९ च्या जुलै महिन्यांत परिवहन मंत्र्यांनीं राज्यसभेंत सांगितलें, कीं वाहनांच्या आणि वाहनपरवान्यांच्या नोंदी ८७ खासगी व ३२ सरकारी संस्थांस खुल्या केल्या आणि त्यांतून ६५ कोटि रुपये मिळाले. त्याच वर्षीं या नोंदी घाऊक देण्याचा दर ठरला: सालाचे तीन कोटि. लोकांनीं ओरड केली, तेव्हां २०२० सालीं तें धोरण मागें घेतलें. पण जो माल गेला तो परत कोण आणणार? अडत्यासुद्धां कुणब्याची ज्वारी विकण्यापूर्वीं त्यास भाव विचारतो. येथें आमची नांवनिशी विकली आणि आम्हांस पत्ताहि नाहीं!

“गरिबास कसली खासगी गोष्ट? जो चोर नाहीं त्यानें भ्यावें कां?” हें वाक्य शिकलेल्यांच्या तोंडून मीं पुष्कळदां ऐकिलें आहे. एका खोलींत सात माणसें राहतात त्या घरांतसुद्धां न्हाणीला पडदा असतो. ज्याच्या घरांत चोरीचा दाणा नाहीं तोहि रात्रीं कडी लावून निजतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २०१७ च्या २४ ऑगस्टला एकमतानें निकाल दिला, कीं खासगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. आणि गरिबांस पोटापुरतें मिळालें म्हणजे झालें, त्यांस हक्क कशाला, हें म्हणणें तेथें फेटाळलें गेलें. पडदा हा श्रीमंताचा शौक नव्हे.

आतां गंमत पहा. खासगी माहिती राखण्याच्या नांवानें २०२३ सालीं कायदा झाला. त्यांत सरकारी खात्यांस सूट देण्याची सोय केंद्र सरकारनें स्वतःकडे ठेविली. आणि त्याच कायद्यानें माहितीच्या अधिकारांतलें एक कलम बदललें. तो बदल २०२५ च्या नोव्हेंबरांत अंमलांत आला. पूर्वीं एखाद्या अंमलदाराविषयींची माहिती लोकहिताची असेल तर मागतां येई. आतां ‘ही व्यक्तीची माहिती आहे’ एवढें म्हणून अर्ज परत करण्याची वाट रुंद झाली. लोकहितासाठीं माहिती देण्याचें दुसरें एक कलम शिल्लक आहे खरें. पण हित मोठें कीं नाहीं हें आधीं ठरविणार दप्तर राखणाराच! आमची गाडी कोठें गेली हें त्यांनीं पहावें आणि त्यांची फाइल कोठें गेली हें आम्हीं विचारूं नये, हा कोणत्या गांवचा न्याय?

दंडाचेंहि तसेंच. दोन हजारांचा दंड सुताराच्या घरीं आठवड्याचा बाजार खातो. बंगल्यांतल्या साहेबाच्या तो खिजगणतींतहि नसतो. फिनलंड देशांत १९२१ सालापासून माणसाच्या रोजच्या मिळकतीवर दंड मोजण्याची रीत आहे आणि वेगाच्या मोठ्या अपराधासहि ती लागू आहे. तेथें धनिकास वेग महाग पडतो. आमच्याकडे तो धनिकालाच स्वस्त आहे.

म्हणून आमचें मागणें स्पष्ट आहे. ज्यानें अपराध केला नाहीं त्याची नोंद ठराविक मुदतींत पुसावी आणि ती मुदत जाहीर करावी. आमच्या नोंदी कोणास दिल्या त्याची यादी छापावी. दंडाची नोटीस मराठींत यावी आणि हरकत तालुक्याच्या ठिकाणीं ऐकली जावी. केंद्र सरकारनें २०२१ च्या ऑगस्टांत केलेल्या नियमांत कॅमेऱ्याच्या आधीं ठळक पाटी असावी आणि यंत्राचें प्रमाणपत्र दरसाल नवें करावें, असें लिहिलें आहे. सुतारास दंड झाला त्या जागीं मीं मुद्दाम जाऊन आलों. पाटी होती, पण बाभळीच्या आड!

बंधुभगिनींनो, वेग आवरा. दारूच्या नादांत गाडी हांकूं नका. डोक्यावर शिरस्त्राण घाला. आपला मनुष्य घरीं सुखरूप येणें हें पहिलें. पण येत्या ग्रामसभेंत उभें राहून एवढें विचारा: आपल्या शिवेंतल्या कॅमेऱ्याची पाटी कोठें आहे, त्याचें प्रमाणपत्र कोणत्या सालचें आहे, आणि त्याचें दप्तर कोण राखतो? प्रश्न लेखी द्या, पोंच घ्या आणि पोंच जपून ठेवा. आमचा सुतार आतां तिसऱ्या दंडाविषयीं अर्ज करणार आहे. अर्ज मीं लिहिला. सही त्यानें केली, अंगठा नाहीं उठविला.

— एक खेड्यांतला शाळामास्तर